वंशावळीतील नाव आणि आईबापांचे काम

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवरील डोंगराळ मुलुखात मेंढीपालन हा पिढ्यानपिढ्यांचा व्यवसाय आहे. शेकडो मेंढ्या डोंगरउतारांवर दूरवर पांगून चरतात; त्यांना गोळा करून आणणे एकट्या माणसाच्या पायांना पेलणारे नसते. हे काम तेथे बॉर्डर कॉली जातीचा कुत्रा करतो. आपल्याकडील धनगरांचे कुत्रे प्रामुख्याने लांडग्यांपासून कळपाची राखण करतात. कॉलीचे काम निराळे आहे. धन्याच्या शिट्टीसरशी तो लांबून वळसा घालून कळपाच्या पाठीमागे जातो, अंग झुकवून नजर रोखतो आणि दात न लावता, बहुधा न भुंकता, सारा कळप धन्यापाशी आणून सोडतो.

अशा कुत्र्याचे पिल्लू घेणे हा मेंढपाळाच्या दृष्टीने भांडवल गुंतवण्याचा निर्णय असतो. पिल्लू साधारणतः आठ आठवड्यांचे झाले की नव्या घरी जाते. मेंढ्या वळवण्याचे शिक्षण मात्र बहुधा ते दहा-बारा महिन्यांचे झाल्यावर सुरू होते आणि भरवशाचे काम त्याहून पुढे. म्हणजे खरेदीच्या दिवशी पारख करावी असा मुख्य गुण त्याच्या अंगी प्रकटलेलाच नसतो. पिल्लू धीट आहे की बुजरे, अंगाने सुदृढ आहे की रोडके, एवढेच दिसते. नव्या पेढीला कर्ज देताना तिचा जुना ताळेबंद हाती नसतो. तेव्हा पेढी काढणाऱ्या माणसांचा पूर्वव्यवहार पाहिला जातो. पिल्लाच्या बाबतीत तो पूर्वव्यवहार म्हणजे त्याचे आईबाप.

आईबाप पाहायचे म्हणजे दोघेही नावाजलेले आहेत एवढेच पाहून भागत नाही. एकाची उणीव दुसरा भरून काढतो का, हे पाहावे लागते. या जातीचा मूळपुरुष मानला जाणारा ‘ओल्ड हेम्प’ 1893 साली नॉर्थंबरलंडमध्ये ॲडम टेल्फर यांच्याकडे जन्मला. त्याचा बाप रॉय स्वभावाने मोकळा होता, पण त्याच्या नजरेत जोर बेताचाच होता. आई मेग बुजरी होती, पण तिची नजर विलक्षण रोखणारी होती. दोघांपैकी एकालाही आदर्श म्हणता आले नसते. हेम्प मात्र शांत आणि समर्थ निघाला. मेंढ्या त्याला सहज वश होत. 1901 मध्ये तो मरण पावला, तोवर आसपासच्या अनेक मेंढपाळांनी त्याच्यापासून पैदास करून घेतली होती. याउलट, आईबाप दोघांचीही नजर अतिशय जोरकस असेल, तर पिल्ले पुढे कळपासमोर खिळून राहण्याचा धोका असतो. कुत्रा मेंढ्यांकडे टक लावून उभा राहतो आणि कळप तसूभरही हलत नाही.

1906 साली ‘इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी’ स्थापन झाली आणि या कुत्र्यांची रीतसर वंशनोंद ठेवली जाऊ लागली. या नोंदवहीत रंगाला, कानांच्या ठेवणीला वा केसांच्या लांबीला महत्त्व नाही. कामात सिद्ध झालेल्या पण वंशनोंद नसलेल्या कुत्र्यालाही कामगिरीच्या बळावर तिच्यात प्रवेश मिळू शकतो. पुढे 1976 मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने या जातीला प्रदर्शनांसाठी मान्यता दिली आणि एकाच जातीचे दोन प्रवाह झाले. एकात कामाची कसोटी राहिली, दुसऱ्यात रूपाची. म्हणून वंशावळीत ‘चॅम्पियन’ हा शब्द दिसला की पहिला प्रश्न विचारावा तो हा, की हा मान डोंगरावर मिळाला की प्रदर्शनाच्या रिंगणात? दोन्ही मान खरे असतील, पण एकाच्या भरवशावर दुसऱ्याची अपेक्षा धरता येत नाही.

वंशावळ वाचताना अंकगणित विसरू नये. पिल्लाचा निम्मा वारसा आईचा, निम्मा बापाचा. प्रत्येक आजी-आजोबांचा वाटा सरासरीने एक चतुर्थांश, पणजोबांचा एक अष्टमांश आणि खापरपणजोबांचा अवघा एक षोडशांश. विकणारा चौथ्या-पाचव्या पिढीतील गाजलेल्या नावावर बोट ठेवत असेल आणि प्रत्यक्ष आईबापांच्या कामाविषयी मोघम बोलत असेल, तर घेणाऱ्याने थांबावे. पणजोबांच्या पतीवर नातवाच्या मुलाला उधारी मिळत नाही.

एकच गाजलेले नाव पुनःपुन्हा आले, तर तो आणखी वेगळा प्रश्न असतो. 1965 साली आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणारा ‘विस्टन कॅप’ हा कुत्रा इतका वाखाणला गेला, की त्या सोसायटीच्या बोधचिन्हावरही त्याचीच आकृती आहे. त्याच्या वंशावळीत जे. एम. विल्सन यांच्या ‘कॅप’ या कुत्र्याचे नाव सात पिढ्यांत सोळा वेळा येते. सात पिढ्यांत पूर्वजांच्या एकूण 254 जागा होतात; त्यांपैकी सोळा एकाच्या. पुढे विस्टन कॅपचाही उपयोग पैदाशीसाठी फार मोठ्या प्रमाणावर झाला. गुण पक्के करण्याचा हा जुना मार्ग आहे, पण गुणांबरोबर दडलेले दोषही तसेच पक्के होतात. सारे भांडवल एकाच खात्यात ठेवण्यात जी जोखीम असते, तीच येथेही असते.

दडलेला दोष म्हणजे काय, हे ‘कॉली आय ॲनॉमली’ या डोळ्यांच्या आनुवंशिक विकारावरून समजते. हा दोष अप्रकट असतो. आईकडे आणि बापाकडे त्याची एकेकच प्रत असेल, तर दोघेही पूर्ण निरोगी दिसतात आणि उत्तम काम करतात. परंतु त्यांच्या प्रत्येक पिल्लाला विकार होण्याची शक्यता चारात एक असते. आईबापांपैकी एक जरी या दोषापासून पूर्ण मुक्त असेल, तर त्यांच्या पिल्लांना तो विकार होत नाही. रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यावरून डीएनए तपासणीत हे कळते. म्हणून वंशावळीबरोबर दोघांचे तपासणी अहवाल आणि खुब्याच्या सांध्यांचे क्ष-किरण अहवाल मागून घ्यावेत. जाणता पैदासकार ते न मागताच पुढे ठेवतो.

कागद पाहून झाल्यावर प्रत्यक्ष भेट घ्यावी. आई समोर असायलाच हवी, कारण ती पिल्लांना रक्ताबरोबर पहिल्या आठवड्यांचे वळणही देत असते. परक्या माणसाला पाहून ती कोपऱ्यात दडते का, की थोडा वेळ निरखून जवळ येते? दोघांनाही काम करताना पाहता येईल का? याच जोडीची आधीची पिल्ले कोठे आहेत आणि त्यांचे धनी काय सांगतात? बाप पाच-सहा वर्षांचा असून आजही डोंगर चढत असेल, तर त्याच्या सांध्यांविषयी ती मोठी साक्ष ठरते.

अलीकडे ही जात महाराष्ट्रातील शहरांतही पाळली जाऊ लागली आहे. येथे 2017 च्या श्वान प्रजनन व विक्रीविषयक केंद्रीय नियमांनुसार पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे आणि आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. तो नोंदणी क्रमांक अवश्य मागावा. वंशनोंदीचे प्रमाणपत्र आईबापांची नावे सांगते. त्यांनी आयुष्यात काय केले, ते विचारूनच घ्यावे लागते.

तरीही सर्वांत अवघड चौकशी घेणाऱ्याने स्वतःच्या घराची करायची असते. दिवसभर डोंगर धुंडाळण्यासाठी पिढ्यानपिढ्या निवडलेले रक्त दोन खोल्यांच्या सदनिकेत आणि साखळीच्या टोकाला निमूट बसत नाही. काम मिळाले नाही की असा कुत्रा स्वतःच काम शोधतो. तो धावत्या दुचाकीमागे लागतो, खेळणाऱ्या मुलांना कळपासारखे वळवू पाहतो, सामानाची नासधूस करतो. मग ‘कुत्रा वाईट निघाला’ असे म्हटले जाते आणि कित्येकदा त्याला घराबाहेर काढले जाते. वास्तविक तो त्याच्या आईबापांसारखाच निघालेला असतो. ज्या घरी रोजचे दोन-तीन तास, मोकळे मैदान आणि शिकवण्याची चिकाटी यांची तरतूद नाही, तेथे कामाच्या वंशातील पिल्लू न आणणे हीच त्या जिवावरची दया. अशा घराला शांत स्वभावाच्या आईचे, साध्या वंशाचे पिल्लू अधिक साथ देते आणि तेही तेथे अधिक सुखात राहते.