मधमाशीपालन करायचंय? पेट्यांआधी सोबती शोधा



"सर, मधाचा धंदा करायचाय, किती पेट्या घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिल्या वर्षी दोन. त्याही शिकून झाल्यावर.

एक का नाही? समजा एका पेटीतली राणी मेली. दुसरीतली ताजी अंडी असलेली फ्रेम इकडे दिली, की कामकरी माशा त्यातून नवी राणी वाढवतात. अंड्यापासून राणी बाहेर यायला साधारण १६ दिवस लागतात. एकच पेटी असेल तर हात चोळत बसायचं!

व्हिडिओत हे सोपं वाटतं. पण अंडं असतं तांदळाच्या कणापेक्षा बारीक. फ्रेम उन्हाकडे तिरपी धरून "हे बघ" म्हणणारा माणूस शेजारी लागतो. इंग्लंडमध्ये नवखा माणूस आधी गावातल्या मधपाळ क्लबात जातो. त्यांची राष्ट्रीय संघटना १८७४ पासून आहे. आपल्याकडे ती रीत रुळलेली नाही, म्हणून प्रशिक्षणाची बॅच हाच तुमचा क्लब समजा. नंबर घ्या, ग्रुप करा, एकमेकांच्या पेट्या उघडायला जा.

बॅच कुठे मिळेल? राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाची मध केंद्र योजना आहे, तिचं मध संचालनालय महाबळेश्वरला. अर्ज नागपुरातल्या जिल्हा कार्यालयात करायचा. वैयक्तिक मधपाळाला १० दिवसांचं प्रशिक्षण, साहित्याला ५० टक्के अनुदान, बाकी ५० टक्के तुमचे. सध्याचे नियम तिथेच विचारून घ्या. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. आणि वर्ध्याजवळ दत्तपूरच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने आग्या माशांचं पोळं न जाळता फक्त मधाचा भाग कापून घेण्याचं काम केलंय. आग्या पेटीत राहत नाही बरं का; पेटीसाठी सातेरी किंवा मेलिफेरा.

आता नागपूरचं खरं दुखणं, ऊन. माशा पिल्लांची जागा ३४-३५ अंशांवर राखतात. मे महिन्यात बाहेर ४५ असेल तर त्या मध सोडून पाणी आणत बसतात. म्हणून पेटी दाट सावलीत, जवळ पाण्याचं उथळ भांडं, त्यात खडे, म्हणजे माशा बुडत नाहीत. महाबळेश्वरची पद्धत इथे जशीच्या तशी चालत नाही.

दुसरं, फुलांची वही ठेवा. काटोल-कळमेश्वरकडे जानेवारी-फेब्रुवारीत संत्र्याचा आंबिया बहार, मग पळस, कडुलिंब. भर पावसात मात्र खायची मारामार. तेव्हा साखरेचा पाक द्यावा लागतो, आणि त्या दिवसांत मध काढून विकायचा नाही. कपाशीवर फवारणी कधी आहे, हे शेजारच्या काकांना आधी विचारून ठेवा. एका सकाळच्या फवारणीत वसाहत संपू शकते.

मध काढायची घाई नको. फ्रेमवर मेणाची झाकणं दिसू द्या. मधात पाणी २० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. कच्चा मध बाटलीत आंबतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही. विक्रीआधी एफएसएसएआय नोंदणी करा.

आणि मध काढायचं यंत्र एकट्याने घेऊ नका. वर्षातून मोजकेच दिवस लागतं. बॅचमधल्या चौघांनी मिळून एक घ्या. रात्री पेट्या संत्र्याच्या बागेत हलवायला टेम्पोही चौघांत एकच पुरतो.