अश्वगंधा, मानसिक ताण आणि पुराव्याचे अर्थकारण

मानसिक ताण कमी करण्याचा दावा करणाऱ्या वनौषधींच्या गोळ्या आज सर्वत्र मिळतात आणि परीक्षेच्या काळात विद्यार्थीही त्या घेतात. अशा वस्तूचा गुण ग्राहकाला वापरानंतरही नेमका पारखता येत नाही. परीक्षा संपली की ताण तसाही ओसरतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये मांडलेल्या माहितीच्या विषमतेचे हे बोलके उदाहरण होय.

ही विषमता दूर करण्याचे साधन म्हणजे चिकित्सालयीन चाचणी. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेच्या आवारातील आयुर्वेद संशोधन केंद्रात झालेला, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने उल्लेखनीय आहे. चिंताविकाराच्या ७२ रुग्णांचे यादृच्छिक पद्धतीने तीन गट करण्यात आले. पहिल्या गटाला मानसमित्र वटक, दुसऱ्याला वटकासोबत सुरुवातीचे सात दिवस शिरोधारा, तर तिसऱ्याला क्लोनाझेपाम हे आधुनिक औषध देण्यात आले. तीस दिवसांत तिन्ही गटांतील चिंता घटली. मात्र औषधरहित गोळी, म्हणजे प्लासिबो, घेणारा गट त्यात नव्हता. त्यामुळे सुधारणेतील औषधाचा वाटा किती आणि उपचारावरील विश्वासाचा किती, हे वेगळे काढता येत नाही.

अश्वगंधेबाबत अशी तुलना झालेली आहे. हैदराबाद येथील २०१२ च्या चाचणीत ६४ व्यक्तींपैकी निम्म्यांना मुळाचा अर्क ६० दिवस देण्यात आला. त्यांच्या रक्तातील कॉर्टिसॉल २७.९ टक्क्यांनी घटले. प्लासिबो गटातही ते ७.९ टक्क्यांनी उतरले. निष्कर्ष आशादायक खरा, परंतु नंतरच्या चाचण्याही बहुतांशी लहान आणि अल्पमुदतीच्याच राहिल्या.

याचे कारण वैद्यकीय कमी, आर्थिक अधिक आहे. पेटंट कायद्याच्या कलम ३(पी) नुसार पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. पण मग साध्या मुळावर मोठी चाचणी करण्याचा खर्च एकीने सोसावा आणि लाभ सर्व स्पर्धकांनी घ्यावा, असे होते. म्हणून कंपन्या स्वतःच्या प्रमाणित अर्काचीच चाचणी करतात. पुरावा त्या अर्काचा असतो. ग्राहकाच्या हाती मात्र अश्वगंधा या नावाचे कोणतेही चूर्ण पडते. ही उणीव शासकीय निधीतूनच भरून निघू शकते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सुरक्षिततेचा प्रश्नही गौण नाही. अश्वगंधेच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याची उदाहरणे २०२० मध्ये आइसलँड व अमेरिकेतून, तर २०२३ मध्ये भारतातून प्रसिद्ध झाली. असे प्रसंग विरळ असले, तरी डेन्मार्कने २०२३ मध्ये या वनस्पतीवर बंदी घातली. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्येच उत्पादकांना पानांचा वापर टाळण्यास सांगितले होते. परंपरेचा आधार मुख्यतः मुळाला आहे.

एकच वनस्पती आयुर्वेदिक औषध म्हणून विकल्यास १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा लागू होतो. पूरक आहार म्हणून विकल्यास २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा. दुसऱ्या प्रकारात रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. वेष्टनावर परवाना यांपैकी कोणत्या कायद्याखालील आहे आणि घटक मूळ आहे की पान, हे विकत घेण्यापूर्वी वाचता येते. थायरॉईडचा विकार असणाऱ्यांनी व गर्भवतींनी मात्र वैद्यकीय सल्ल्याशिवाय ती घेऊ नये.