‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’: पेट घेणारे दोन्ही

पेट्रोल वाहून नेणाऱ्या अनेक टँकरवर मागील बाजूस ‘हायली इन्फ्लेमेबल’ अशी ठळक अक्षरे रंगवलेली असतात. ‘करेक्ट’ व ‘इनकरेक्ट’, ‘व्हिजिबल’ व ‘इनव्हिजिबल’ अशा जोड्या शाळेत पाठ केलेल्या वाचकाने त्याचा अर्थ ‘सहसा न पेटणारे’ असा लावला, तर त्याला फारसा दोष देता येणार नाही. वस्तुतः ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ हे शब्द विरुद्धार्थी नाहीत. दोहोंचा अर्थ एकच: ज्वालाग्राही, चटकन पेट घेणारे.

घोळ आहे तो ‘इन’ या उपसर्गात. लॅटिनमधून इंग्रजीत दोन निरनिराळे ‘इन’ आले. एक नकारार्थी, आपल्या ‘अ’सारखा. दुसरा ‘आत’, ‘मध्ये’ हा अर्थ देणारा किंवा क्रियेला जोर आणणारा. ‘इन्फ्लेमेबल’ हा शब्द ‘पेटवणे’ या अर्थाच्या ‘इन्फ्लामारे’ या लॅटिन क्रियापदापासून आला असून त्यातील ‘इन’ दुसऱ्या जातीचा आहे. शरीराचा एखादा भाग लाल होऊन सुजतो, आग आग होते, त्याला डॉक्टर ‘इन्फ्लमेशन’ म्हणतात, तो शब्दही याच कुळातला.

या दोहोंत ‘इन्फ्लेमेबल’ हाच जुना. ‘फ्लेमेबल’ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत आला खरा. परंतु पुढे शंभरेक वर्षे तो अडगळीतच होता. त्याला बाहेर काढले ते साहित्यिकांनी नव्हे, तर ज्यांची गाठ आगीशी पडते त्यांनी. १९२०च्या दशकात अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने ‘इन्फ्लेमेबल’ऐवजी ‘फ्लेमेबल’ वापरण्याचा आग्रह धरला. १९५९मध्ये ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशननेही तेच धोरण स्वीकारले. शब्दाचा अर्थ उलटा लागल्यास प्राणाशी गाठ, तेव्हा व्युत्पत्तीचा अभिमान बाजूला ठेवला गेला, हे योग्यच झाले. धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांनी केलेल्या वर्गीकरणातही तिसऱ्या वर्गाचे नाव ‘फ्लेमेबल लिक्विड्स’ असेच आहे.

मात्र जुना शब्द बाद झालेला नाही. तापट स्वभाव, चिघळलेला वाद, स्फोटक परिस्थिती यांचे वर्णन करताना इंग्रजी लेखक ‘इन्फ्लेमेबल’च लिहितात, माणसाचा स्वभाव सहसा ‘फ्लेमेबल’ नसतो, कापड किंवा रसायन असते. ‘न पेटणारे’ असे म्हणायचे असल्यास शब्द आहे ‘नॉन-फ्लेमेबल’. नायट्रोजन, हेलियम अशा वायूंच्या सिलिंडरवरील हिरव्या चौकोनी चिन्हाशी तोच जोडलेला आहे.