गणपतीत घेतलेला लॅपटॉप

सिंधुदुर्गातल्या शिरोड्यासारख्या गावात नवा लॅपटॉप येतो तो पुष्कळदा गणपतीच्या सुमारास. कुणाचा चाकरमानी मुलगा तो मुंबईहून घेऊन येतो, कुणी सावंतवाडीला किंवा म्हापशाला जाऊन घेतं. त्यावर कामंही ठरलेली असतात: वेळागर किनाऱ्याजवळच्या निवासाचं बुकिंग, काजू कारखान्याची बिलं, मुलांच्या शाळेचे प्रकल्प. पहिले काही आठवडे सगळं सुरळीत चालतं. मग एके दिवशी एक्सेलची फाईल उघडावी तर वर रंगीत पट्टी येते की तुमच्या सदस्यत्वाची मुदत संपली आहे. फाईल दिसते, छापताही येते, पण तिच्यात एक आकडा बदलता येत नाही. गंमत म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण त्याच लॅपटॉपच्या बिलावर ‘ऑफिससह’ असं छापलेलं असतं, किंवा पैसे मोजून वेगळ्या घेतलेल्या फुल व्हर्जनचं कार्ड कपाटात असतं. म्हणजे हक्काचं सॉफ्टवेअर हाताशी असताना मशीन मात्र ट्रायलच्या हुकमात चालत असतं. अशा वेळी घरातली माणसं स्वतःलाच दोष देतात, ‘आपलंच काहीतरी चुकलं असणार’ म्हणतात. हा दोष त्यांचा नाही, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

सॉफ्टवेअर बसवताना संगणकावर दोन वेगळ्या गोष्टी उतरतात: प्रत्यक्ष काम करणारा प्रोग्राम आणि तो वापरण्याचा परवाना. ट्रायल आणि फुल व्हर्जन यांचा प्रोग्राम बहुतेक वेळा एकच असतो, फरक परवान्यात असतो. नव्या मशीनमध्ये ऑफिस आधीच भरलेलं असतं आणि त्याला तीस दिवसांचा किंवा तेवढ्याच थोड्या मुदतीचा परवाना जोडलेला असतो. नंतर आपण विकत घेतलेल्या परवान्याचा पंचवीस अक्षरांचा क्रमांक टाकला, तरी पहिला परवाना आपोआप पुसला जाईलच असं नाही. मुदत संपलेला परवाना तिथेच पडून राहतो, आणि प्रोग्राम सुरू होताना त्याचीच नोंद वाचली गेली तर खरा परवाना असूनही पट्टी झळकते. दुसरी अडचण बसवण्याच्या पद्धतीची. मायक्रोसॉफ्टचं ऑफिस दोन तऱ्हांनी बसतं. एक तऱ्हा इंटरनेटवरून थेट उतरवण्याची, दुसरी जुन्या पद्धतीच्या बसवणीची, जी कार्यालयांत अजून दिसते. एकाच पिढीचं ऑफिस या दोन्ही तऱ्हांनी एका मशीनवर एकत्र नांदत नाही. ३२ बिट आणि ६४ बिट ऑफिसचंही तसंच. आधीचं ट्रायल एका जातीचं आणि विकत घेतलेलं दुसऱ्या जातीचं असेल तर बसवणी अर्ध्यात अडते, किंवा बसते पण फाईलवर डबल क्लिक केल्यावर जुनंच उघडतं. स्वतः मायक्रोसॉफ्टही परवाना ओळखला जात नसेल तर मशीनवर ऑफिसच्या एकापेक्षा जास्त प्रती आहेत का ते तपासायला आणि नको ती काढायला सांगते. उत्पादकालाच हा सल्ला द्यावा लागतो, याचा अर्थ ही गफलत नेहमीची आहे आणि ती माहीत असूनही मशीन तसंच भरून पाठवलं जातं.

अँटिव्हायरसच्या बाबतीत हा संघर्ष आणखी खोलवर जातो. अँटिव्हायरस हा वर्डसारखा वरवर चालणारा प्रोग्राम नसतो. तो विंडोजच्या गाभ्याजवळ बसतो आणि उघडली जाणारी प्रत्येक फाईल आधी स्वतः तपासतो. नव्या लॅपटॉपमध्ये मॅकॅफी किंवा नॉर्टनचं ट्रायल आलेलं असतं, आणि घरी आल्यावर त्यावर आपण पुण्याच्या क्विक हीलचं फुल व्हर्जन बसवतो. आता एकाच दारात दोन पहारेकरी उभे राहतात. एक फाईल उघडून तपासायला घेतो, तर दुसरा त्या उघडण्यालाच तपासतो. मशीन संथ होतं, कधी अडकून बसतं, कधी नवीन अँटिव्हायरस ‘आधीचा काढा’ म्हणून बसायलाच नकार देतो. आधीचा काढायला कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन अनइन्स्टॉल केलं की काम संपायला हवं. पण मॅकॅफी आणि नॉर्टन या दोघांनीही आपलं सॉफ्टवेअर पूर्ण काढण्यासाठी स्वतंत्र साधनं तयार करून ठेवली आहेत. नेहमीच्या अनइन्स्टॉलनंतर मागे काहीतरी उरतं, याची यापेक्षा स्पष्ट कबुली दुसरी कोणती असणार?

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नुकसान डोळ्यांना लगेच दिसत नाही, म्हणून ते जास्त महागात पडतं. टॅली परवान्याशिवाय सुरू केलं तर ते एज्युकेशनल मोडमध्ये चालतं. त्यात नोंदी फक्त महिन्याच्या पहिल्या, दुसऱ्या आणि अखेरच्या तारखेलाच करता येतात. शिकणाऱ्यासाठी हे ठीक आहे. पण काजूच्या हंगामात रोज बोंडूवाल्यांची आणि बीवाल्यांची बिलं येत असताना नव्या मशीनवर ‘परवाना येईपर्यंत’ म्हणून अशा मोडमध्ये काम सुरू केलं, तर बारा तारखेचं बिल एक तारखेला जाऊन बसतं. पुढे परवाना आला तरी ती चुकलेली तारीख स्वतःहून सुधारत नाही, आणि जीएसटीच्या विवरणात बिलाची तारीख ही किरकोळ बाब नाही. फुल व्हर्जन वेगळ्या फोल्डरमध्ये बसवलं तर कंपन्यांची यादीच रिकामी दिसते. आकडे गेलेले नसतात, ते जुन्या फोल्डरमध्ये असतात, पण समोर रिकामा पडदा पाहिलेल्या हिशेबनिसाला हे कोण सांगणार?

ही ट्रायल सॉफ्टवेअर मशीनमध्ये येतात कशी, याचं उत्तर सरळ आहे: सॉफ्टवेअर कंपन्या आपला माल नव्या मशीनवर आधीच असावा म्हणून लॅपटॉप बनवणाऱ्यांना पैसे देतात. २००८ मध्ये सोनी कंपनीने आपले काही लॅपटॉप ट्रायल सॉफ्टवेअर काढून, स्वच्छ करून देण्यासाठी सुमारे पन्नास डॉलर जादा आकारायचं ठरवलं होतं. ओरड झाल्यावर ती आकारणी लगेच मागे घेतली गेली. पण त्या एका निर्णयातून हे उघड झालं की स्वच्छ मशीन देणं तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. अवघड आहे ते ट्रायलमधून मिळणाऱ्या कमाईवर पाणी सोडणं. पुढे याहून वाईट घडलं. २०१४ च्या अखेरीस विकल्या गेलेल्या लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर आधीच भरलेलं होतं. ते ट्रायल नव्हतं, पण त्याच वाटेने घरात शिरलं होतं, आणि बँकेच्या व्यवहारांसाठी जी सांकेतिक सुरक्षा असते तिलाच त्याने भगदाड पाडलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे बाहेर आलं. मालकाला न विचारता मशीनमध्ये वस्तू ठेवायचा प्रघात एकदा मान्य झाला की काय ठेवायचं याची मर्यादा कोण ठरवणार, हा प्रश्न तिथे उभा राहिला.

यावर म्हटलं जातं की याच पैशांमुळे लॅपटॉप स्वस्त मिळतो. थोडाफार स्वस्त होत असेलही. पण मग त्याची दुसरी बाजूही मोजायला हवी. शिरोड्यात एखादं ऑफिस पूर्ण काढून परत उतरवायचं म्हणजे काही जीबींचा डेटा मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ओढायचा. पावसाळ्यात रेंज जाते, वीज जाते, उतरवणं अर्ध्यात तुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. नाही जमलं तर मशीन घेऊन सावंतवाडीची एसटी धरायची. किमतीत वाचलेले पैसे असे परत जातात, शिवाय दिवसही जातो. दुसरा मुद्दा असा की ट्रायलमुळे घेण्याआधी वापरून बघता येतं. हे खरं आहे, आणि ट्रायलला माझा विरोधही नाही. आपण मागून उतरवलेलं ट्रायल ही सोय आहे. न मागता आलेलं, आणि फुल व्हर्जन आलं तरी न हटणारं ट्रायल हा अडथळा आहे. तिसरं उत्तर कॉम्प्युटरवाल्याकडून येतं: ‘फॉरमॅट मारून देतो, सगळं साफ.’ यात मोठा धोका आहे. फॉरमॅट मारताना मशीनसोबत आलेलं मूळ विंडोज जाऊन दुसरीच, बऱ्याचदा परवाना नसलेली आवृत्ती बसते, आणि मशीनला जोडून आलेला खरा परवाना ओळखला जाणंच अवघड होतं. राहिला लिबर ऑफिसचा पर्याय. ते मोफत आहे, त्याला ट्रायलच नाही, आणि साध्या पत्रांसाठी, घरगुती हिशेबासाठी ते पुरतं. पण ज्याने पैसे मोजून एक वस्तू घेतली त्याला ‘दुसरी फुकट वापर’ म्हणून गप्प करणं न्यायाचं नाही.

न मागता भरलेल्या सॉफ्टवेअरबाबत कायदा थोडाफार सरकला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड फोनच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि आधीच भरलेली अ‍ॅप काढण्याची मोकळीक वापरणाऱ्याला द्यावी असंही सांगितलं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण ती अट काढून टाकली. युरोपीय संघाच्या नव्या कायद्यात मात्र अशी मोकळीक देणं मोठ्या कंपन्यांवर बंधनकारक आहे. आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्यात सदस्यत्वाचा सापळा आणि सतत टोचत राहणाऱ्या सूचना यांची नावानिशी गणना आहे. ‘आता नूतनीकरण करा’ म्हणून दररोज उगवणारी चौकट यात बसते की नाही, हे तक्रारी आल्याशिवाय ठरणार नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येतं. माझी मागणी छोटी आहे. मशीन पहिल्यांदा सुरू होताना ‘हे ट्रायल ठेवायचं की काढायचं’ एवढं एकदा विचारावं, आणि ‘काढा’ म्हटल्यावर ते मुळासकट जावं.

तोवर क्रम आपणच पाळायचा. शिरोड्याच्या मिठागरात पावसाळ्यानंतर आधी साचलेला गाळ काढतात, तळ चोपून घट्ट करतात आणि मगच समुद्राचं पाणी आत घेतात. इथेही तसंच. आधी ट्रायल काढायचं, अँटिव्हायरस असेल तर त्याच कंपनीच्या साधनाने काढायचं, मशीन रिस्टार्ट करायचं, आणि त्यानंतरच फुल व्हर्जन बसवायचं. एक गोष्ट मात्र काहीही काढण्याआधी बघायला हवी. आपल्याकडच्या बऱ्याच लॅपटॉपसोबत ऑफिसचा कायमचा परवाना येतो, पण विंडोज पहिल्यांदा सुरू केल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो आपल्या खात्याशी जोडून घ्यावा लागतो. पडद्यावर मात्र एका महिन्याच्या ट्रायलचं बटण आधी समोर येतं, तिथे कार्डाचा नंबर मागितला जातो, आणि कायमचा परवाना मागे राहून जातो. तेव्हा वर्ड उघडून खात्याच्या पानावर कोणत्या उत्पादनाचं नाव दिसतं ते आज वाचावं. गणपतीत सुरू केलेल्या मशीनची ही मुदत शिमग्याच्या आसपास संपते.