सुटींत कोणतें बेट पाहावें?

गोदावरीकांठच्या मुलास पाण्याचें नवल नसतें. परंतु ज्याचा पैलतीर दिसत नाहीं असें पाणी आमच्या नांदेड-लातूरकडील पुष्कळ विद्यार्थ्यांनीं अद्याप पाहिलेलें नाहीं. भूगोलाचा तास संपतां संपतां लातूरच्या एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, बाबांनीं एकदां बेट दाखविण्याचें कबूल केलें आहे. कोणतें सांगूं?" त्या "एकदां" शब्दामागें एका घरची कित्येक महिन्यांची काटकसर होती. म्हणून मीं उत्तरास आठ दिवसांची मुदत मागून घेतली. विद्यार्थिमित्रहो, त्या आठ दिवसांत जें जुळविलें तें येथें देतों.

प्रथम ऋतु पाहावा. उन्हाळ्याच्या सुटीचा उत्तरार्ध बेटांच्या प्रवासास मानवत नाहीं. नैर्ऋत्य मोसमी पाऊस अंदमानांत मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोहोंचतो, आणि कोंकणांत जूनच्या आरंभीं. मग समुद्र खवळतो व मालवणच्या होड्या बंद होतात. अंदमानांतील सेल्युलर तुरुंग १९०६ सालीं पुरा झाला. स्वातंत्र्याच्या इतिहासाची ज्यास ओढ आहे त्यानें तो अवश्य पाहावा, पण हिवाळ्यांत.

मॉरिशस मात्र विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें २० अंशांवर आहे. आमच्याकडे मे महिन्यांत अंगाची लाही होते तेव्हां तेथें सौम्य हिवाळा लागतो. १८३४ नंतर तेथें उसाच्या मळ्यांवर गेलेल्या भारतीय मजुरांत मराठी कुटुंबेंही होतीं, आणि गणेशचतुर्थीस तेथें आजही सार्वजनिक सुटी असते. शिवाय भूशास्त्रज्ञांचें मत असें कीं, पाताळांतील ज्या अग्निकुंडानें सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं आमच्या दख्खनचा काळा पाषाण ओतला, त्यानेंच पुढें तें बेट घडविलें. मोह पडावा असें सर्व आहे. परंतु विमानाचें भाडें ऐकून तो आवरावा लागतो.

लक्षद्वीपाची गोष्ट निराळी. प्रवाळाचीं ३६ बेटें, वस्ती अवघ्या १० वर, आणि सर्वांचें क्षेत्रफळ मिळून सुमारें ३२ चौरस किलोमीटर! जाण्यास सरकारी परवाना लागतो. तेथें नदी नाहीं, डोंगर नाहीं, तरी विहिरींस गोडें पाणी लागतें. पावसाचें पाणी वाळूंतून खालीं मुरतें. समुद्राच्या पाण्याहून तें शेंकडा सुमारें अडीच हलकें असल्यामुळें खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारानें तरंगत राहतें. उपसा बेताचा असेल तोंवर विहीर गोड. अधिक उपसलें कीं खालचें खारें पाणी वर चढतें. हें वाचतांना मला २०१६ सालचें लातूर आठवलें. त्या वर्षीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें होतें. मला प्रश्न विचारणारा विद्यार्थी तेव्हां आईचा पदर धरून घागरींच्या रांगेंत उभा राहत असे.

म्हणून मीं त्यास मालवणजवळचें कुरटे नांवाचें बेट सांगितलें. शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं ह्या खडकावर सिंधुदुर्गाचें बांधकाम आरंभिलें. सुमारें ४८ एकरांचें आवार, चोहोंकडे खारें पाणी, आणि आंत दूध, दहीं व साखर अशा नांवांच्या तीन गोड्या विहिरी. दुर्गासाठीं जागा निवडतांना तट किती उंच बांधावा ह्याच्या आधीं शिबंदी पिणार काय, हें पाहावें लागतें. किनाऱ्यापासून होडीची वाट फार तर कांहीं मिनिटांची. पोहतां न येणाऱ्यानें भिऊं नये, मात्र लाइफ जॅकेट घालण्यास लाजूंही नये. मुंबईस नातलग असतील तर घारापुरी त्याहून सोपें; पण तेथील लेणीं सोमवारीं बंद असतात, हें मी सोमवारींच गेटवेवर उभा राहून शिकलों.

दिवाळीच्या सुटीपर्यंत समुद्र निवळतो व होड्या पुन्हां चालूं लागतात. त्या मुलानें हें सर्व घरीं जाऊन सांगितलें. दुसऱ्या दिवशीं वर्गांत येतांच तो म्हणाला, "सर, बाबा म्हणतात, एक रिकामी बाटली बरोबर घेऊं."