घरच्या टोमॅटोची कोशिंबीर

टोमॅटो पिकविणारा शेतकरी स्वतःच्या ताटांत टोमॅटो किती घेतो, हें कोणी सहसा विचारीत नाहीं. सन २०२३ च्या जुलै महिन्यांत शहरांतील किरकोळ बाजारांत या फळानें किलोस शंभर रुपयांची मर्यादा ओलांडली, तेव्हां घरचा माल घरांत चिरणें अनेकांच्या जिवावर आलें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत भाव इतका कोसळला कीं, नाशिक जिल्ह्यांतील कित्येकांनीं भरलेलीं कॅरेटें रस्त्याच्या कडेस ओतलीं. तेव्हां त्या फळाकडे पाहावेंसेंहि वाटेना. भाव आपल्या हातीं नाहीं, कोशिंबीर आहे. म्हणून तिजविषयीं चार शब्द लिहितों.

जुनीं माणसें या फळास वेलवांगें म्हणत; वऱ्हाडाकडे भेदरें हा शब्द अद्याप ऐकूं येतो. बाजारासाठीं लावावयाचें संकरित वाण लांबच्या प्रवासास टिकावें म्हणून जाड सालीचें व घट्ट गराचें निवडलेलें असतें, आणि फळ रंग धरूं लागतांच तोडावें लागतें. वाटेंत तें लाल होतें खरें, परंतु झाडावर पूर्ण पिकलेल्या फळाची गोडी त्यास येत नाहीं. म्हणजे शहरांतील धनिकास पैसे मोजूनहि जें मिळत नाहीं, तें आपल्या परसांत फुकट मिळूं शकतें! त्याकरितां पाण्याच्या वाटेवर पांच-सहा झाडें निराळीं लावावीं. पुसा रुबीसारखें जुनें, आंबट व रसाळ वाण किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचें भाग्यश्री अथवा धनश्री यांस योग्य आहे.

झाडें निराळीं ठेवण्यास दुसरें, याहून मोठें कारण आहे. कोशिंबिरींतील फळ कच्चेंच पोटांत जातें. फवारणीच्या औषधासोबत जें माहितीपत्रक येतें, त्यांत फवारणीनंतर किती दिवसांनीं तोडणी करावी हें छापलेलें असतें. तें पत्रक न वाचतां चुलींत घालणारे गृहस्थ पुष्कळ आहेत. फळ वाहत्या पाण्यानें चोळून धुतल्यास वरवरचें औषध बरेंचसें जातें, परंतु आंतरप्रवाही औषध गरांत उतरलेलें असतें. तें धुण्यानें जात नाहीं. काल फवारलेल्या वावरांतून आज मुलांच्या हातीं टोमॅटो देणें हा निव्वळ अविचार होय. हाच नियम बाजारांत धाडावयाच्या मालासहि लागू आहे, कारण तेथेंहि कोणाचीं तरी मुलेंच खातात.

आतां कृति. चार माणसांस अर्धा किलो पिकलेले पण टणक टोमॅटो, एक मध्यम कांदा, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, चार चमचे दाण्याचें कूट, मीठ व चिमूटभर साखर एवढें साहित्य पुरे. दाणे खमंग भाजून, सालें पाखडून, कूट जाडसर ठेवावें. विळी धारेची असावी. बोथट विळीनें फळ चिरडतें. बियांभोंवतालचा रस कित्येक सुगृहिणी फेंकून देतात, तसें करूं नये. आंबटपणा व खरी चव तेथेंच असते. कांदा फार तिखट असल्यास मिठानें चोळून धुवावा.

चिरलेले टोमॅटो, कांदा व कोथिंबीर एकत्र करून झांकून ठेवावीं. दोन चमचे तेलांत मोहरी तडतडल्यावर हिंग व मिरच्यांचे तुकडे घालावे, आणि ही फोडणी थोडी निववून मगच ओतावी. कढत तेलानें फोडी शिजतात, व ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेनें कमी होतें. उलट लाल रंगाचें जें लायकोपीन नांवाचें द्रव्य, तें तेलासंगें अधिक अंगीं लागतें. तेव्हां फोडणी केवळ चैन नव्हे.

मीठ, साखर व कूट पानें वाढतेवेळींच घालावें. मीठ लागतांच फळ पाणी सोडूं लागतें. घटकाभर आधीं कालविलेली कोशिंबीर म्हणजे पातळ सार होतें. लग्नकार्यांत हा प्रकार नित्य पाहावयास मिळतो, आणि दोष मात्र आचाऱ्याऐवजीं टोमॅटोस दिला जातो. दही घालावयाचें तर गोड व घट्ट घ्यावें, आणि मग साखर वगळली तरी चालते.

फळें फ्रिजमध्यें ठेवूं नयेत. अति थंडाईनें सुवास मरतो. टोपलींत, सावलींत, देठाकडील बाजू खालीं करून ठेवावीं. कोशिंबीर उरलीच तर तिच्या पाण्यांत शिळी ज्वारीची भाकरी कुसकरून वर थोडें कच्चें तेल सोडावें. न्याहारीस निराळें कोरड्यास लागत नाहीं.