मुलाला कुठे घालावे? आधी त्याला काय खुपते ते विचारा



दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या गट ऑफिसात ऊस नोंदीपेक्षा मुलांच्या शिक्षणाचीच चौकशी जास्त. "साहेब, पोरगं शास्त्रात हुशार आहे, कुठं घालू?" आम्ही कृषी पदविकाधारक, शिक्षणतज्ज्ञ नव्हे. पण वीस वर्षे आपल्या बांधावर फिरून जे पाहिले ते सांगणे आमचे काम समजतो.

प्रथम आमची चूक. काही वर्षांपूर्वी एका सभासदांनी असेच विचारले. मुलाचे गणिताचे मार्क पाहून आम्ही झटक्यात म्हणालो, "इंजिनिअरिंगला घाला." मुलाला कोणी विचारले नाही, आम्हीही नाही. वडिलांनी कर्ज काढले, हप्ते ऊस बिलातून कापून जाऊ लागले आणि दोन वर्षांनी मुलगा घरी परतला. तो आळशी नव्हता. लहानपणापासून उसावरच्या अळ्या काडेपेटीत ठेवून त्यांचे पतंग कधी होतात ते पाहत बसणारा पोरगा तो! पुढे तो कृषी पदवीधर झाला. पण गेलेली दोन वर्षे आणि भरलेले व्याज कोण परत देणार?

तेव्हापासून आम्ही मार्कांच्या आधी मुलालाच विचारतो, "बाळ, आपल्या गावात तुला काय खुपतं?" उत्तरातून वाट दिसते, ती कशी ते पाहा.

एकाला खुपते, आजोबांचे रान पांढरे पडले. हे मृदाशास्त्राचे काम. खारवट जमिनीतले क्षार पाण्याने धुऊन निचऱ्यावाटे काढता येतात. चोपण जमिनीला आधी जिप्सम लागते. दोन्हींतला फरक माती परीक्षणाशिवाय कळत नाही.

दुसऱ्याला खुपते, फवारणीने आई आजारी पडते. त्याने कीटकशास्त्र पाहावे. ट्रायकोग्रामा नावाची बारीक गांधीलमाशी खोडकिडीच्या अंड्यात आपली अंडी घालते, मग अळी बाहेरच येत नाही. अशी मित्रकीटकांची कार्डे तयार करणाऱ्या प्रयोगशाळांना जाणती माणसे हवीच आहेत.

तिसरी एक मुलगी. ती आम्हाला म्हणाली, "काट्यावर वजन कमी येतं असं बाबा म्हणतात. खरं-खोटं ओळखायचं कसं?" आम्ही जरा चपापलो, पण प्रश्न लाखमोलाचा! इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याखाली लोडसेल असतो. भाराने तो किंचित वाकतो, त्यातला विद्युत रोध बदलतो आणि तो बदल किलोत दाखवला जातो. प्रमाणित वजने ठेवून तो तपासता येतो. हे उपकरणशास्त्र. न्यायाची चाड असलेल्या मुलीला यापेक्षा चांगले काम कोणते?

ऊसतोड मजुरांच्या पाठीवरचे ओझे पाहून ज्याचा जीव तुटतो, त्याने कृषी अभियांत्रिकीत तोडणी यंत्रे शिकावी. मळी आणि स्पेंटवॉशचे काय होते हे ज्याला जाणायचे आहे, त्याने रसायन किंवा पर्यावरणशास्त्र.

हे काही आमचे मनचे मांडे नव्हेत. केरळात १८९७ साली जन्मलेल्या जानकी अम्मल यांनी १९३० च्या दशकात कोईमतूरच्या ऊस पैदास संस्थेत उसाच्या गुणसूत्रांवर काम केले, उसाचा मक्याशीही संकर केला. त्याच बाईंनी उतारवयात केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल वाचावे म्हणून तिथल्या धरणाला विरोध केला. वनस्पतीवरची माया प्रयोगशाळेत होती तशीच बाहेरही राहिली.

आता रस्ते. दहावीनंतर आय.टी.आय., तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका किंवा कृषी पदविका. बारावी शास्त्रानंतर सी.ई.टी. देऊन चार वर्षांची कृषी पदवी किंवा अभियांत्रिकी. साखर व मद्यार्क तंत्रज्ञानासाठी मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था आहे. प्रवेशाच्या अटी व फी त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहावी, ऐकीव माहितीवर पैसे भरू नयेत.

दोन गोष्टी बजावून सांगतो. ओढ आहे पण गणित कच्चे असेल तर मेहनत घ्यावीच लागेल. नुसत्या आवडीवर पेपर सुटत नाही. आणि पंधराव्या वर्षीची आवड विसाव्या वर्षी बदलू शकते. म्हणून रान विकून किंवा गहाण टाकून मोठी फी भरण्याआधी मुलाला ते काम चार दिवस जवळून पाहू द्या. लागण करण्यापूर्वी आपण माती तपासतो, बेणे पाहतो. को ८६०३२ चांगला म्हणून तो काही प्रत्येक रानात सारखा उतारा देत नाही. मग पोराच्या बाबतीत शेजाऱ्याचे पाहून लागण कशी करावी?

गळीत हंगामात मुला-मुलींना घेऊन आमच्याकडे या. त्यांच्या हातात रिफ्रॅक्टोमीटर देऊ, आपल्याच उसाच्या रसाचा ब्रिक्स त्यांना मोजू दे. प्रयोगशाळा, बॉयलर, काटा सारे दाखवू. येताना एकच करा: तिथे प्रश्न मुलांना विचारू द्या, आपण मागे उभे राहा.

आपला,
ऊस विकास अधिकारी